तोंडावरची न भरणारी जखम : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर



बेणे, पाणी, खत आणि कीड यांविषयी या पानांतून आपण नेहमी वाचता. उसाला काणी दिसली की ते बेट मुळासकट उपटून लांब न्यावे, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. पण स्वतःच्या नाकावर वर्षभर न भरणारा फोड असला तर आपण काय करतो? चुना लावतो, बिब्बा लावतो आणि म्हणतो, ''दुखत नाही ना, मग काय होतंय? तोड आटपू दे, मग बघू.'' या अंकात पिकाच्या रोगाऐवजी पीक काढणाऱ्या माणसाच्या एका रोगाविषयी लिहीत आहोत. चेहऱ्याच्या कातडीचा कर्करोग कसा ओळखावा, त्याच्या शस्त्रक्रियेची तयारी कशी करावी आणि नंतर घरी काय सांभाळावे, अशी ही माहिती आहे.

प्रथम दिलासा देणारी गोष्ट सांगतो. हा रोग आपल्या देशात कमी आढळतो. आपल्या कातडीतला सावळा रंग उन्हापासून बरेच रक्षण करतो. दुसरी दिलाशाची गोष्ट अशी, की कर्करोगांत हा सर्वांत लवकर डोळ्यांना दिसणारा रोग आहे आणि वेळेवर काढून टाकला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. काळजीची गोष्ट एवढीच, की तो दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. पुढे जे नाक, पापणी किंवा कान गमवावा लागतो, ते या थांबण्यामुळे.

हा रोग दिसतो कसा?

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्याला डॉक्टर बेसल सेल कर्करोग म्हणतात. नाक, गाल, पापणीची कड किंवा कपाळ यांवर एक लहान चकचकीत पुळी येते. तिच्या कडा उंच आणि मध्ये खळगा असतो. खपली धरते, निघते, थोडे रक्त येते आणि परत खपली धरते. सावळ्या अंगावर ही पुळी पुष्कळदा काळसर असते, त्यामुळे घरची मंडळी तिला तीळ किंवा मस समजतात. हा प्रकार फार सावकाश वाढतो आणि अंगात दुसरीकडे सहसा जात नाही. पण आहे त्या जागी तो खात खात खोल उतरतो. जुने इंग्रज डॉक्टर याला उंदराने कुरतडल्यासारखा व्रण म्हणत, ते यामुळेच.

दुसरा स्क्वेमस सेल कर्करोग. हा खडबडीत, खवलेदार, कधी लहान शिंगासारखा, तर कधी उघड्या जखमेसारखा दिसतो. खालचा ओठ आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. हा पहिल्यापेक्षा लवकर वाढतो आणि गळ्याच्या गाठींत उतरू शकतो. म्हणून यात दिरंगाई मुळीच चालत नाही.

तिसरा प्रकार मेलॅनोमा. तो आपल्या लोकांत क्वचित होतो आणि झाला तर बहुधा तळपायावर किंवा तळहातावर होतो. म्हणून तोंड पाहताना तळपायही पाहावा.

ध्यानात ठेवायचा नियम सोपा आहे. साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. महिना उलटला तरी न भरलेली, पुन्हा पुन्हा रक्त येणारी किंवा आकार बदलणारी जखम डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. मग ती ज्वारीच्या दाण्याएवढी का असेना.

आपल्या कामाशी याचा संबंध

या रोगाचे मोठे कारण वर्षानुवर्षांचे ऊन. लागणीपासून तोडीपर्यंत आपले काम उन्हातच चालते. आपली पांढरी टोपी डोके झाकते, पण तिला पुढे कड नाही. नाक, कान आणि खालचा ओठ दिवसभर उघडेच राहतात आणि रोगाच्या आवडत्या जागा नेमक्या त्याच आहेत. ज्यांची कातडी जन्मतःच रंगहीन आहे त्यांना तर धोका फारच जास्त. अशा मुलांना लहानपणापासून उन्हात जपावे.

दुसरे कारण म्हणजे जुनी भाजल्याची खूण. गुऱ्हाळावर काहिलीतली काकवी अंगावर उडून किंवा चुलीवर भाजून झालेल्या जुन्या व्रणात पुष्कळ वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. वीस-पंचवीस वर्षे शांत असलेला व्रण एकदम चिघळला तर तो पुन्हा भाजल्यासारखा समजू नये, तपासून घ्यावा.

कातडीला एकाच जागी होणारा सततचा त्रास कर्करोगाला कारण होतो, हे आपल्या महाराष्ट्रातच नीट दाखवले गेले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तिथल्या कातडीवर चट्टा पडतो, व्रण होतो आणि काही जणांत त्याचा कर्करोग होतो, असे त्यांनी दाखवले. वैद्यकाच्या पुस्तकांत तो 'धोती कर्करोग' याच नावाने गेला. काश्मिरात पोटाशी शेगडी धरण्याने होणारा 'कांगडी कर्करोग' हा त्याचाच भाऊ.

तुकडा काढला की पसरतो काय?

खेड्यापाड्यांतली ही सर्वांत मोठी भीती आहे. ''सुरी लागली की चवताळतो'' असे म्हणतात. यात तथ्य नाही. डॉक्टर जागा बधिर करून डाळीएवढा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या तपासणीशिवाय रोगाचे नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय किती कापायचे ते ठरत नाही. 'चवताळला' असे लोक म्हणतात, ते बहुधा रोग आधीच फार वाढल्यावर डॉक्टरकडे गेलेल्यांच्या बाबतीत.

उलट बिब्बा, चुना, मोरचूद, शेराचा चीक असले जळजळीत पदार्थ लावल्याने वरची कातडी जळते, खपली पडते आणि रोग बरा झाला असे वाटते. आत मात्र तो वाढत राहतो. शिवाय भाजलेल्या कातडीमुळे रोगाची खरी कड डॉक्टरांना ओळखणे कठीण जाते.

जावे कोठे, खर्चाचे काय?

कर्जत तालुक्यातल्या मंडळींना कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि खालापूरकरांना चौकचे ग्रामीण रुग्णालय. तेथे प्रथम दाखवावे आणि पुढच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी घ्यावी. जिल्ह्यातच खारघर येथे टाटा केंद्राची कर्करोग संस्था आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने दादर वा परळला उतरून तेथे जाता येते. मुंबईत पाहुण्यांकडे सोय नसेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांसाठीच ओळखली जाते.

खर्चाच्या धास्तीने शेत गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. २०२३ साली शासनाने निर्णय घेऊन ही योजना राज्यातील सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली केली आणि दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. आधी त्याला भेटावे, पैसे नंतर भरावेत. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते की नाही हे त्याच्याकडून दाखल होण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे. कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत भाडेसवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णालाही बसता येते. कागद खिशात ठेवावा म्हणजे वाद होत नाही.

शस्त्रक्रियेत करतात काय?

हरळी खुरप्याने वरवर कापली तर पंधरा दिवसांत पुन्हा उगवते, हे आपण जाणतो. ती काढायची तर भोवतालच्या मातीसकट काशी खणून काढावी लागते. या रोगाचे तसेच आहे. डोळ्यांना दिसतो त्याहून तो कातडीखाली थोडा पसरलेला असतो. म्हणून डॉक्टर दिसणाऱ्या गाठीभोवती चांगल्या कातडीची कड घेऊन कापतात. लहान आणि साध्या बेसल सेल गाठीभोवती ही कड साधारण ४ मिलिमीटर धरतात, दुसऱ्या प्रकारात थोडी जास्त. म्हणून मुगाएवढ्या गाठीसाठी रुपयाएवढी जखम का केली, असा राग डॉक्टरवर धरू नये.

नाक आणि पापणी या जागी कातडी फुकट घालवून चालत नाही. तिथे काही ठिकाणी एक निराळी पद्धत वापरतात. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात ती काढली. पातळ थर काढायचा, रुग्ण तिथेच बसलेला असताना तो तपासायचा आणि ज्या बाजूला रोग शिल्लक दिसेल तेवढ्याच बाजूने पुढचा थर काढायचा. यात दिवस मोडतो, पण कातडी वाचते. ही सोय थोड्याच ठिकाणी आहे. इतरत्र काढलेला भाग गोठवून तपासतात किंवा काही दिवसांनी रिपोर्ट देतात.

पडलेला खड्डा तीन प्रकारे भरतात. लहान असेल तर कडा ओढून टाके घालतात. मोठा असेल तर कानामागची किंवा गळ्याखालची कातडी काढून वर लावतात. हे रोप लावण्यासारखे आहे. नवी मुळी धरेपर्यंत ते हलता कामा नये. तिसऱ्या प्रकारात जवळचीच कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून वळवून आणतात. आंब्याचे भेट कलम ज्यांनी बांधले आहे त्यांना हे लगेच कळेल. जोड एकजीव होईपर्यंत फांदी आईच्या झाडापासून तोडत नाहीत. तसेच कपाळाची कातडी वळवून नाकावर लावली की सुमारे तीन आठवडे भुवईपाशी तिचा देठ तसाच ठेवतात आणि जोड धरल्यावर दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेत तो कापतात. हे तीन आठवडे चेहरा विचित्र दिसतो. हे आधीच ठाऊक असले म्हणजे घरची माणसे घाबरत नाहीत.

कपाळाच्या कातडीने नाक करण्याची ही विद्या जगाला आपल्या मुलखातून मिळाली, हे फार थोड्यांना माहीत आहे. सुश्रुताने गालाची कातडी वळवून नाक करण्याची रीत सांगितली होती. पुढे कपाळाची कातडी वापरण्याची रीत कारागिरांच्या घराण्यांत चालत आली. टिपूशी झालेल्या १७९२च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक शेतकरी जातीचा मराठा बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याचे नाक नव्याने बनवले. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून त्याचा नमुना कपाळावर आखला, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांमध्ये देठ ठेवला आणि ती खाली वळवून बसवली. वर काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून डॉ. कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये हाच प्रयोग यशस्वी केला. आजही जगभरच्या डॉक्टरांत कपाळाची ही कातडी 'इंडियन फ्लॅप' या नावाने ओळखली जाते.

आपल्यापैकी कुणाला डॉक्टरांनी ''कपाळाची कातडी नाकावर घ्यावी लागेल'' असे सांगितले, तर हा काही नवा प्रयोग आपल्यावर चालला आहे असे समजू नये. एका बैल हाकणाऱ्या शेतकऱ्याने ती शस्त्रक्रिया सव्वादोनशे वर्षांपूर्वी सोसली होती, तीही भुलीच्या औषधाशिवाय.

तयारी

१. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी करावी. जमल्यास गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घ्यावीत. वैदूचा काढा, चूर्ण, मुळी काहीही असेल तर लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगावे. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयरोग्याने अशी गोळी परस्पर सोडणे जखमेच्या रक्तस्रावापेक्षा धोक्याचे ठरू शकते.

२. मधुमेह आणि रक्तदाब आधी ताब्यात आणावा. रक्तातली साखर चढलेली असेल तर जखम चिघळते. छातीत पेसमेकर बसवला असेल, किंवा पूर्वी बधिर करण्याच्या इंजेक्शनाने त्रास झाला असेल, तर आधी सांगावे.

३. विडी, तंबाखू, मशेरी, तपकीर बंद. तंबाखूने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. वळवून लावलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि ती काळी पडून मरते. निदान चार आठवडे आधी सोडावी आणि जखम पूर्ण भरेपर्यंत हात लावू नये. बायामंडळींची मशेरीही यात आली, ती मोजायची राहून जाते.

४. जागा बधिर करून शस्त्रक्रिया होणार की पूर्ण भूल देऊन, ते विचारून घ्यावे. नुसती बधिर करणार असतील तर बहुधा हलके खाऊन जाता येते. भूल द्यायची असेल तर सांगितलेल्या वेळेपासून पोट रिकामे ठेवावे. चहाचा घोटसुद्धा घेऊ नये. ''थोडासा घेतला, त्याने काय होतंय'' असे म्हटल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

५. आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करावी, कारण पुढे दोन-चार दिवस डोके भिजवता येणार नाही. नथ, बुगडी, कानातले, गळ्यातले घरीच ठेवावे. पुढून बटणे असलेला सदरा किंवा झंपर घालावा. डोक्यावरून काढायचा कपडा पट्टीला अडकतो.

६. बरोबर एक जाणता माणूस असावा. डोळ्याजवळ पट्टी बांधल्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. गर्दीच्या वेळी लोकलने परतू नये. कुणाचे कोपर नाकावर बसले तर सगळी मेहनत वाया जाईल. जमेल तर दुपारची गाडी धरावी.

७. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने रिपोर्ट आणि तुकडा तपासणीच्या काचा एका पिशवीत ठेवाव्यात. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर नुसता कागद पुरत नाही, काचाही मागतात.

८. शेताची सोय आधी लावावी. दोन ते तीन आठवडे पाण्याची पाळी कोण धरील, जनावरांचे कोण बघील, तोडीच्या वेळी फडात कोण उभा राहील, हे आधीच ठरवावे. तारीख हंगामाशी जुळत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ''किती दिवस थांबलेले चालेल?'' पहिल्या प्रकारात ते काही आठवडे देतीलही. दुसऱ्या प्रकारात देणार नाहीत. पण हे डॉक्टरांनी ठरवायचे, मुकादमाने नव्हे.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस पट्टी सोडू नये आणि भिजवू नये. दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून निजावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त येते. कपाळावर किंवा नाकाच्या मुळाशी शस्त्रक्रिया झाली असेल तर डोळ्याभोवती काळेनिळे होते, कधी डोळा मिटून जातो. ही सूज बहुधा आपोआप उतरते. मात्र डोळा फार दुखू लागला किंवा दिसेनासे झाले तर थांबू नये, ताबडतोब जावे.

पट्टीतून रक्त आले तर बसून राहावे आणि स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी. घड्याळ लावून वीस मिनिटे दाबावे. मध्ये उचलून ''थांबलं का'' असे बघू नये. बघितले की धरलेली गुठळी निघते. वीस मिनिटांनीही थांबले नाही तर रुग्णालय गाठावे.

दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलीच गोळी घ्यावी. दुकानातून दुसरी मागून आणू नये, काही दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

पट्टी बदलायला सांगितली असेल तर आधी साबणाने हात धुवावेत. उकळून थंड केलेल्या पाण्याने जखम हलक्या हाताने पुसावी आणि सांगितलेले मलम लावावे. जखम उघडी टाकून वाळवली की लवकर भरते, हा समज बरोबर नाही. कोरड्या खपलीखाली नवी कातडी सावकाश सरकते, ओलसर ठेवलेल्या जखमेत लवकर. हळद, राख, कात, तूप, देवाचा अंगारा यांतले काहीही जखमेवर लावू नये. अंगारा लावायचाच तर तो देव्हाऱ्यापाशी कपाळाच्या चांगल्या बाजूला लावावा. देव रागावत नाही.

चेहऱ्याचे टाके साधारणपणे पाच ते सात दिवसांत काढतात. ''जखम भरली, आता कशाला जायचं'' म्हणून टाळू नये. उशीर झाला तर टाक्यांचे वण कायम राहतात.

दुसरीकडची कातडी लावली असेल तर तिच्यावर शिवलेली जाड पट्टी आठवडाभर तशीच ठेवतात. ती निघाल्यावर खालची कातडी जांभळट, काळपट दिसते. तेवढ्याने ती मेली असे समजू नये, रंग हळूहळू फिरतो. पण वळवून लावलेली कातडी पहिल्या दिवसांत एकदम पांढरी फटक किंवा काळी-निळी पडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, पू आला, ताप भरला किंवा लाली पसरत चालली, तर जखम चिघळते आहे असे समजावे. पाळीची तारीख येईपर्यंत वाट पाहू नये.

खाणेपिणे

जखम असली की आपल्याकडे अंडी, मासे, वांगे, आंबट असे सगळे बंद करतात आणि पेशंटला नुसत्या भातपेजेवर ठेवतात. नवी कातडी तयार व्हायला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासळी जे घरात चालत असेल ते नेमाने द्यावे. मधुमेह असेल तर गूळ-साखर मात्र आवरावी, हे साखर कारखान्याच्या पत्रिकेतूनच सांगतो. ओठ किंवा गालाची शस्त्रक्रिया असेल तर पहिले काही दिवस मऊ आणि कोमट अन्न द्यावे. भाकरी दुधात कुस्करून चालेल.

शेतावर केव्हा जावे?

दोन आठवडे खाली वाकणे आणि जड उचलणे टाळावे. वाकले की चेहऱ्यात रक्त उतरते आणि टाक्यांवर ताण पडतो. गवताचा भारा, पाण्याचा हंडा, ४५ किलोची युरियाची गोणी, सगळे यात आले. कातडी लावलेली असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे जास्त थांबावे.

उभ्या उसात शिरणे सर्वांत शेवटी. उसाच्या पानाची धार करवतीसारखी असते हे आपल्याला सांगायला नको. पाचट काढताना कोवळ्या कातडीवर ओरखडा उठला तर जखम पुन्हा उघडते. फवारणी, चिपाडाची धूळ आणि पाचटाचा धूर यांपासूनही महिनाभर लांब राहावे.

त्यानंतर मात्र उन्हाची सवय बदलावी लागेल. रुंद कडेची गवती किंवा कापडी टोपी घ्यावी, अथवा टोपीवरून उपरणे असे बांधावे की कान आणि मान झाकली जाईल. बायांनी पदर कपाळावर पुढे ओढावा. जमेल तेव्हा अकरा ते तीन या वेळात सावलीतले काम काढावे. डॉक्टर ऊनरोधक मलम देतात, ते नव्या वणावर लावावे, नाहीतर वण काळा पडतो. पहिले काही महिने वण लाल, कडक आणि उंच वाटतो. जखम पूर्ण मिटल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बोटाने चोळत गेले की मऊ होतो. त्याचे खरे रूप वर्षभराने कळते. जागा बधिर लागणे, मुंग्या येणे, खाज सुटणे हेही काही महिने चालते.

रिपोर्ट न घेता सोडू नका

जखम भरली म्हणजे काम झाले, असे नाही. काढलेल्या भागाचा रिपोर्ट येतो. तो घ्यायला जावेच आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : ''सगळ्या कडा मोकळ्या आहेत का?'' मोकळ्या असतील तर रोग पूर्ण निघाला असे धरतात. एखाद्या कडेला रोग लागला असेल तर पुन्हा थोडे कापावे लागते किंवा किरणोपचार द्यावे लागतात. हे ऐकून खचू नये. वेळेवर केलेली दुसरी लहान शस्त्रक्रिया चार वर्षांनंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा केव्हाही बरी.

एकदा हा रोग झालेल्या माणसाला तो दुसऱ्या जागी पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने, निदान काही वर्षे, तपासणीला जात राहावे. घरी महिन्यातून एकदा उजेडात आरशापुढे बसून चेहरा, कानामागची बाजू, ओठ आणि गळ्याच्या गाठी पाहाव्यात. डोक्याची आणि मानेची मागची बाजू घरच्यांनी पाहावी.

चार शब्द घरच्यांना आणि गावाला

हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने किंवा शेजारी निजल्याने तो कुणाला लागत नाही. नाकावर पट्टी आहे म्हणून माणसाला ओसरीवर वेगळे बसवू नये. तोंडावर वण आला म्हणून सून माहेरी धाडू नये आणि मुलीचे ठरलेले लग्न मोडू नये. लग्नात, यात्रेत, बाजारात लोक बघतात, विचारतात. त्याला उत्तर एकच ठेवावे, ''फोड होता, काढून टाकला.'' चार वेळा सांगितले की पाचव्यांदा कुणी विचारत नाही. आरशात बघवत नाही, झोप लागत नाही, जेवण जात नाही असे दिवस आले तर तेही डॉक्टरांना सांगावे. तेही उपचारातच मोडते.

आमची विनंती एवढीच आहे. हा अंक वाचून झाला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अंगणात उजेडात बसवा आणि त्यांच्या नाकावर, कानावर, ओठावर एकदा नीट नजर टाका. आजी-आजोबा आपणहून काही बोलणार नाहीत. दुखत नाही आणि खर्च नको, या दोन गोष्टी ते मनाशी धरून बसलेले असतात. महिन्याहून जुनी जखम दिसली तर गळीत हंगामाची वाट पाहू नका. ऊस आठ दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडे नुकसान होईल, ते पुढच्या खोडव्यात भरून काढता येईल. खाल्लेले नाक आणि गेलेला डोळा यांना खोडवा नाही.